वाचलेली वर्षे कुठून आली?

जीएनएम, म्हणजे नर्सिंगची तीन वर्षांची पदविका, घेऊन नोकरीला लागलेल्या मुलीला पदवी हवीशी वाटली, तर तिला पुन्हा चार वर्षे कॉलेजात काढावी लागत नाहीत. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिच्यासारख्यांसाठीच आहे. बारावी झालेली असावी, जीएनएम झालेले असावे, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असावी. परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड इथल्या कितीतरी सिस्टर आणि ब्रदर या टप्प्यावर येतात, आणि बहुतेक वेळा समोर दोन नावे असतात: एक घराजवळचे कॉलेज, दुसरे नांदेड, संभाजीनगर किंवा थेट पुण्या-मुंबईचे. मग चौकशी सुरू होते. फी किती, होस्टेल मिळते का, निकाल कसा लागतो. हे सगळे विचारायलाच हवे. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा असे मला मनापासून वाटते: चारची दोन वर्षे झाली, तर उरलेली दोन वर्षे कुठे गेली?

शिकण्यातली वर्षे हवेत विरत नाहीत. अभ्यासक्रम लहान झाला म्हणजे त्याचा काही भाग विद्यार्थ्याने आधीच कुठेतरी पुरा केला आहे, असे धरलेले असते. अमेरिकेत दुसऱ्या विषयाचा पदवीधर साधारण बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी घेऊ शकतो. तिथल्या चार वर्षांच्या पदवीत सुरुवातीचा बराच काळ भाषा, समाजशास्त्र, रसायन, शरीरशास्त्र अशा विषयांत जातो. ते विषय त्याने आधी केलेले असतात, म्हणून तेवढा काळ वाचतो. रुग्णाजवळचे काम मात्र त्याला पूर्ण करावेच लागते. आपल्याकडची वाट याच्या उलट आहे. इथे बी.ए. झालेल्या मुलीलाही नर्सिंगची पदवी हवी तर चार वर्षेच. सवलत मिळते ती जीएनएमवालीला, आणि ती मिळते रुग्णाजवळ काढलेल्या तीन वर्षांच्या बदल्यात. इंजेक्शन, ड्रेसिंग, प्रसूती, रात्रपाळी हे सगळे हातात बसले आहे, असे हा अभ्यासक्रम गृहीत धरतो आणि त्यावर पुढचे मजले चढवतो. नर्सिंग शिक्षण, प्रशासन, संशोधन आणि संख्याशास्त्र हे विषय त्यात आहेत ते त्यामुळेच. पुढे पाठ्यनिर्देशिका व्हायचे, परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळायचा, तर ते लागतात.

परभणीच्या माणसाला हे समजायला रब्बीची ज्वारी पुरेशी आहे. कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ असो की घरचे बियाणे, ती ज्वारी येते पावसाळ्यात काळ्या रानाने धरून ठेवलेल्या ओलीवर. ओल खोल गेलेली असेल तर वरून फारसे पाणी न मिळताही कणीस भरते. ओल नसेल तर चांगले बियाणेही वाया जाते. दोन वर्षांची पदवी अशीच जीएनएमच्या ओलीवर वाढते.

म्हणून कॉलेजांची तुलना करण्याआधी आपली ओल तपासायची. आणि इथे फार प्रामाणिक व्हावे लागते. जीएनएमच्या केसबुकात वीस नैसर्गिक प्रसूती स्वतः केल्याची नोंद असते, प्रत्येकीखाली सही असते. त्यातल्या किती आपल्या हाताने झाल्या आणि किती वेळा आपण चौथ्या रांगेतून मान उंचावून पाहिले, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. दोष त्या मुलीचा नसतो. लहान रुग्णालयात मुली जास्त आणि बाळंतिणी कमी, तर दुसरे काय होणार?

आता दोघीजणी डोळ्यांसमोर आणा. एकीने सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये कितीतरी रात्री काढल्या आहेत. रक्तस्राव थांबत नाही तेव्हा काय करायचे, हे तिचे हात तिला न विचारता करतात. पण वर्गापुढे उभे राहून तिने कधी शिकवलेले नाही, ड्युटीचे वेळापत्रक लावलेले नाही, मनोरुग्णाशी ती कधी तासभर बोललेली नाही. दुसरी खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत आहे. मॉनिटर, व्हेंटिलेटर तिला पाठ आहेत, पण जीएनएम संपल्यापासून तिने नवजात बाळ हातात धरलेले नाही. पहिलीसाठी जे कॉलेज योग्य, ते दुसरीसाठी असेलच असे नाही. पहिलीने चांगले शिक्षक, चालते ग्रंथालय आणि शिकवण्याचा खरा सराव जिथे मिळेल तिथे जावे. मग रुग्णालय थोडे लहान असले तरी चालेल. दुसरीने मात्र बाळंतिणींचा आणि बालरुग्णांचा वॉर्ड जिथे सतत भरलेला असतो तिथेच जावे, भले इमारत जुनी असो, होस्टेलची खोली चौघींत असो. सगळ्यांत चांगले कॉलेज कोणते, हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. आपल्यात जे कमी आहे ते कुठे आहे, हे शोधावे.

मानसिक आरोग्याचेच घ्या, कारण ही उणीव मराठवाड्यात जवळजवळ सगळ्यांची असते. पोस्ट बेसिकच्या दुसऱ्या वर्षात या विषयाचे प्रात्यक्षिक 240 तासांचे आहे. रोज आठ तास धरले तरी पूर्ण तीस दिवस. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातले एकही नाही. तेव्हा ‘सायकची पोस्टिंग कुठे आणि किती दिवस?’ हा एक प्रश्न विचारला की कॉलेजची बरीच पारख होते. उत्तरात ठिकाणाचे नाव आणि तारखा आल्या तर ठीक. ‘ते आम्ही बघून घेतो’ असे आले तर ते तीस दिवस कागदावरच भरले जाण्याची भीती आहे.

तसेच खाटांचे. नर्सिंग कौन्सिल शंभर खाटांचे रुग्णालय मागते, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत म्हणते. पण खाट म्हणजे रुग्ण नव्हे. एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला, न सांगता, त्या रुग्णालयाच्या वॉर्डातून चक्कर मारून यावी. किती खाटांवर माणसे आहेत आणि त्यांच्याभोवती किती मुली उभ्या आहेत, हे पाहावे. माहितीपत्रक इतके सांगत नाही.

आणि ‘नोकरी चालू ठेवा, हजेरीचे आम्ही पाहू’ असे कुणी म्हणाले, तर त्या दारातून परत फिरावे. नियमाने थिअरीला ऐंशी टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची शंभर टक्के. दोन वर्षे आधीच वाचलेली आहेत, त्यातून आणखी काढायला काही शिल्लक नाही. तरीही काढले तर त्याची किंमत पुढे कुठल्या तरी वॉर्डातला रुग्ण मोजतो, आणि त्याला यातले काही माहीतही नसते. याबाबत मला तडजोड मान्य नाही.

घराची ओढ, लहान मूल, सासूचे आजारपण, कर्जाचा हप्ता हे सगळे निर्णयात येणारच, आणि यावे. लांब गेले म्हणजे जास्त शिकले, असेही नसते. परभणीत 2023 साली शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपचाराचे आणि शिकवण्याचे काम एका छताखाली आले की वॉर्डात रोज राउंड होतात, केस चर्चेला येतात, आणि जवळ उभ्या असलेल्या नर्सच्याही कानावर ते पडते. तेव्हा जवळचे कॉलेज निवडणारीने इतकेच करावे: आमची पोस्टिंग त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात होणार का, कोणत्या वॉर्डात, किती आठवडे, हे विचारावे आणि कॉलेजचा रुग्णालयाशी झालेला लेखी करार पाहायला मागावा.