अजून एक रेडर

आषाढ लागला की आमच्याकडे कबड्डी झोपते आणि कबड्डीच्या गप्पा जाग्या होतात. वडखळ नाक्यावर, जिथे पेणकडून येणारा रस्ता सरळ नागोठण्याकडे जातो आणि उजवीकडे अलिबागची वाट फुटते, तिथल्या एका टपरीच्या बाकावर दर पावसाळ्यात आमच्या मंडळाची बैठक बसते. बैठक म्हणजे काय, चार-पाच जण, कटिंग, आणि पत्र्यावर वाजणाऱ्या पावसामुळे ओरडून बोलणं. बाहेर लावणी चाललेली असते. पेणच्या कारखान्यांत गणपतींच्या रांगा रंगाची वाट बघत उभ्या असतात. मैदान पाण्याखाली; भात कापून खाचर सुकलं, ढेकळं फोडली, पाणी मारून जमीन चोपली की तिथे मैदान होणार, तेही दिवाळीनंतर. पण संघ घडतो तो या पावसात. कधी कधी मोडतोही.

"यंदा अजून येक रेडर पायजे."

हे वाक्य मी किती वर्षं ऐकतोय, मोजदाद नाही. वर्तमानपत्रं 'चढाईपटू' लिहितात, म्हातारे 'चढाईवाला' म्हणतात, बाकावर मात्र रेडरच. मागच्या मोसमात दोन रेडर होते तरी वाक्य तेच, त्याआधी तीन होते तरी तेच. शेजारच्या गावांतही पावसाळ्यात हेच चाललेलं असणार, कारण आमचा रेडर त्यांच्या यादीत असतो आणि त्यांचा आमच्या. "यंदा एक डावा कोपरा शोधूया" असं त्या बाकावर कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

याचं एक कारण उघड आहे. चढाई दिसते. तीस सेकंद एक माणूस एकटा सात जणांच्या अंगणात शिरतो, तोंडाने दम चालू, आणि सगळं गाव त्या एकाकडे बघत असतं. कोपऱ्यातल्या गड्याचं काम दोन सेकंदांचं. घोटा हातात आला की आला, नाही तर नाही. घोटा सुटला की 'काय रेडर आहे!' म्हणतात, आणि धरला तर 'रेडर फसला' म्हणतात. दोन्ही वेळा बोलणं रेडरबद्दलच. आमच्याकडच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाईचं बक्षीस असतं, उत्कृष्ट पकडीचंही असतं, आणि 'पब्लिक हिरो' नावाचं एक असतं. या पब्लिकचा हिरो बहुतेक वेळा कोण ठरतो, हे सांगायला नको.

पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही. गेल्या हिवाळ्यातला एक सामना डोक्यातून जात नाही, म्हणून.

आमचा पहिला रेडर चौथ्या-पाचव्या मिनिटाला धरला गेला. तो मैदानामागे, बाद गड्यांच्या जागेत जाऊन उकिडवा बसला. मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होतो. गुडघ्याला लागलेली माती तो नखाने खरवडत होता, एकच जागा, पुन्हा पुन्हा. दुसरा रेडर चढाईला गेला आणि पाय लांबवून बोनस घेऊन आला. टाळ्या. पुढच्या चढाईला परत बोनस. परत टाळ्या. समोर सहा-सात गडी उभे होते, त्यामुळे बोनस मोकळाच होता. फलकावर आमचे गुण चढत होते. आणि आमचा पहिला रेडर तिथेच बसून माती खरवडत होता, कारण बोनसचा गुण मिळतो, पण बोनसवर बसलेला गडी उठत नाही. गडी उठतो तो समोरचा गडी मारला किंवा त्यांचा चढाईवाला पकडला, तरच. शेवटी तो मैदानात परतला तेव्हा सगळा संघ बाद होऊन आमच्यावर लोण चढून गेला होता. सामना चार गुणांनी गेला. बोनसवाल्याला 'पब्लिक हिरो' मिळालं, आणि बाकावर निदान झालं: रेडर कमी पडतात.

जुन्या हुतूतूचे तीन प्रकार सांगतात. अमर, ज्यात बाद होऊनही कोणी बाहेर जात नाही, नुसते गुण मोजले जातात. गामिनी, ज्यात बाहेर गेलेला परत येत नाही, सगळा संघ संपेपर्यंत खेळायचं. आणि संजीवनी, ज्यात एक मारला की आपला एक जिवंत होतो. आजची कबड्डी संजीवनीची आहे. आणि जिवंत होण्याला क्रम आहे: जो आधी बाद, तो आधी उठतो. संघातला सर्वांत धाडसी गडी बहुधा सर्वांत आधी बाद होतो, म्हणजे आपल्याला मिळालेला पहिला खरा गुण त्यालाच परत आणतो. हा नियम ज्या कोणी केला त्याला माणसांची चांगली पारख असावी.

मग दुसऱ्या रेडरचं काम काय? गुण आणणं हे आहेच. पण त्याचं मुख्य काम पहिल्याला बसू न देणं हे आहे. त्याची कमाई पहिल्याच्या खात्यावर जमा होते. म्हणूनच त्याची किंमत करता येत नाही, आणि म्हणूनच तो दर पावसाळ्यात 'कमी' वाटतो.

प्रो कबड्डीच्या लिलावात किंमत करावीच लागते, तिथे काय होतं ते बघण्यासारखं आहे. २०१७ च्या प्रो कबड्डीत पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण केले आणि पाटण्याने सलग तिसरं विजेतेपद घेतलं. त्याच्या जोडीला मोनू गोयत होता. त्याचेही गुण दोनशेच्या घरात. पुढच्या वर्षी, २०१८ च्या लिलावात, हरयाणा स्टीलर्सने मोनूला १ कोटी ५१ लाखांना घेतलं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. हरयाणाला पहिला रेडर मिळाला आणि पाटण्याचा दुसरा रेडर गेला. त्या मोसमात हरयाणा आपल्या गटात तळाला राहिली, पाटणा बाद फेरीपर्यंतही पोचलं नाही, आणि प्रदीपचे गुण २३३ वर आले. सामने कमी झाले होते हे धरलं, तरी उतार लपत नाही. प्रदीप तोच होता, साखळीखालून निसटायची त्याची ती डुबकीही तीच होती. उठवणारा गेला होता.

त्याच लिलावातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. प्रो कबड्डीत एक कोटीची रेषा पहिल्यांदा गाठली ती रेडरने नाही. यू मुम्बाने इराणच्या फझल अत्राचलीला एक कोटीला घेतलं, आणि फझल डाव्या कोपऱ्याचा. त्याच संघात चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांत आला होता. नवखा पोरगा. त्याने त्या मोसमात चढाईचे २१८ गुण केले. लोकांना सिद्धार्थ दिसला, आणि का दिसू नये, तो होताच तसा. पण सिद्धार्थ बाद झाला की मागे समोरच्यांचा रेडर धरून त्याला उठवणारा कोपरा उभा होता. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना नेलं. त्याने तिथेही जवळजवळ तेवढेच गुण केले. टायटन्स बारा संघांत अकरावे आले.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. तिकडचं फुटबॉल म्हणजे बराचसा हाताने खेळायचा खेळ, त्याला फुटबॉल का म्हणतात हे त्यालाही सांगता येत नाही. त्या खेळात 'वाइड रिसीव्हर' नावाचा गडी कडेने लांब पळतो आणि फेकलेला चेंडू झेलतो. भाऊ ज्या संघाच्या नादी लागलाय, तो मोसम संपला की म्हणे दरवर्षी अजून एक रिसीव्हर शोधत असतो. मी फोनवर हसलो. मी त्याला वडखळचा बाक सांगितला, त्याने मला १९९८ चा मिनेसोटा सांगितला. त्या संघाकडे क्रिस कार्टर होता, जेक रीड होता, तरी त्यांनी रँडी मॉस नावाचा नवा रिसीव्हर निवडला. तो इतका पळायचा की त्याला धरायला दोन-दोन माणसं लागत, आणि ती दोन माणसं त्याच्यामागे गेली की बाकीचे मोकळे. सोळातले पंधरा सामने जिंकले, ५५६ गुण केले, तेव्हाचा विक्रम. मग उपांत्य सामन्यात मोसमभर एकदाही न चुकलेल्या त्यांच्या किक मारणाऱ्याची एक किक चुकली आणि सगळं संपलं. म्हणजे अजून एक हवा असणं हा वेडेपणा नाही, कधी कधी तो फळतो. कोणासाठी हवा आहे हे माहीत असलं पाहिजे, एवढंच.

आता जरा आमच्या दारातली गोष्ट. वडखळच्या शेजारी डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. आधी इस्पातचा, २०१० पासून जेएसडब्ल्यूकडे. रात्री पाऊस थांबला की त्याचा उजेड ढगांवर दिसतो. हरयाणा स्टीलर्स ही याच उद्योगसमूहाची टीम, त्यामुळे आमच्या बाकावर ती 'आपल्या कंपनीची टीम'. हरयाणा आणि आपलं काय, असा प्रश्न कोणाला पडत नाही. तर या आपल्या कंपनीच्या टीमने २०१८ मध्ये सर्वांत महाग रेडर घेऊन तळ गाठला, हे वर आलंच. १ मार्च २०२४ ला तीच टीम अंतिम सामन्यात पुणेरी पलटणकडून २८-२५ अशी हरली. पलटणकडे तेव्हा महम्मदरझा शादलुई होता, इराणचाच, डाव्या कोपऱ्याचा, २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. चढाईही करतो, पण भाकरी पकडीवर. पुढच्या लिलावात हरयाणाने त्यालाच २ कोटी ७ लाखांना उचललं. २९ डिसेंबर २०२४ ला पुण्याच्या बालेवाडीत हरयाणाने पाटण्याला ३२-२३ ने हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. एकाच कॅलेंडर वर्षात दोन वेगळे संघ विजेते झाले, आणि दोन्हींच्या डाव्या कोपऱ्यात एकच माणूस. त्या रात्री हरयाणाच्या चढाया ज्यांनी केल्या त्यांत नगरकडचा शिवम पटारे होता. पोरगा सुंदर खेळला. सकाळी टपरीवर चर्चा अर्थातच शिवमची होती: "असा येक रेडर आपल्याकडं पायजे."

बाहेरचा गडी आणण्याला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. 'गावाचा संघ गावाच्याच पोरांचा' हे बोलायला बरं, पण तसं कधीच नव्हतं. सुट्टीत मामाकडे आलेला भाचा मामाच्या गावाकडून खेळायचा, आणि एखाद्या जावयाला तर मानपान चढाईच्या आधी आणि शिव्या नंतर अशी व्यवस्था असायची. फरक इतकाच की भाचा महिनाभर राहायचा. कोपऱ्यातला कुठे धावून जातो, कधी मागे राहतो, कोणाचा हात धरला की साखळी तुटत नाही, हे त्याला जेवता-झोपता कळायचं. आता आणलेला रेडर सामन्याच्या संध्याकाळी मोटरसायकलवरून येतो, जर्सीचा नंबर विचारतो, खेळतो, पाकीट घेतो, जातो. त्याच्यात खोट नाही, पोट त्यालाही आहे. पण मधल्या बारा-पंधरा मिनिटांत त्याला उठवायचं आहे कोणी, आणि तो कोणाला उठवणार, हे ना त्याला ठाऊक, ना आम्हाला.

आणि आमची पोरं? कोणी कंपनीत शिफ्टला, कोणी टेम्पोवर, कोणी पनवेलच्या पलीकडे. सरावाला सात जण जमले तर नवल. रेडरला एकट्याने सराव करता येतो: पळता येतं, पाय टाकता येतो, आरशासमोर दमसुद्धा घालता येतो. पकड एकट्याने शिकता येत नाही. घोटा धरायला दुसऱ्याचा घोटा लागतो, आणि घोटा धरला की पाठीवर पडायला तिसरा. सात पोरं एका वेळी मोकळी नसली की आधी पकड मरते. मग जे मेलं ते दिसत नाही म्हणून जे दिसतं तेच अजून एक मागवायचं.

गेल्या आठवड्यातली बैठक. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी चालली होती. पेझारीचा एक, रोह्याकडचा एक, पोयनाडचा एक. तिघेही रेडर, तिघांचे नंबर, पुढे आकडे. खाली एक रेघ मारून 'आपली पोरं' असं लिहिलेलं आणि त्याखाली काहीच नाही. मी म्हटलं, "अहो दादा, डावा कोपरा लिहा की." दादा आमचे जुने अध्यक्ष. ते म्हणाले, "त्याचं काय लिवायचं? तो हायच. तो कुठं जातो?"

"नंबर तरी घ्या."

एकाने फोन काढला, दुसऱ्याने काढला. कोणाकडेच नव्हता. पाच मोसम खेळलेला पोरगा, कधी फोन करावाच लागला नव्हता, संध्याकाळी आपणहून मैदानात असायचा.

टपरीवाला ग्लास विसळत होता. तो मान वर न करता बोलला, "तो तळोज्याला गेला ना. दोन महिनं झाले. तिकडंच खोली घेतली."

जरा वेळ नुसता पत्रा वाजत राहिला. मग दादांनी पत्रिका जवळ ओढली, पेन घेतलं.

"मंग दोन रेडर आनू," ते म्हणाले.