प्रदर्शनाची तारीख आणि निष्काम कर्म

प्रदर्शन जवळ आले की चित्रकाराच्या स्टुडिओत वेगळीच धांदल सुरू होते. कॅनव्हास फ्रेमवाल्याकडे जातात, मागे हुक बसतात, नावांची आणि किमतींची यादी तयार होते. वर्षभर मुकाट्याने रंग लावणारा हात आता आकडे लिहू लागतो. गीतेचा दुसरा अध्याय लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाला इथे प्रश्न पडणारच: फळावर हक्क सांगायचा नाही, तर चित्र भिंतीवर टांगून लोकांना बोलवायचे कशासाठी? खऱ्या साधकाने चित्र काढावे आणि बाजूला ठेवून पुढचे घ्यावे, असे अनेकांना मनापासून वाटते. मला ते पटत नाही. चित्र लोकांपुढे ठेवणे हा त्याच कर्माचा शेवटचा टप्पा आहे, आणि ते जवळ धरून ठेवण्यात आसक्ती कित्येकदा जास्त असते.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे उदाहरण घेऊ. फ्रान्समधल्या जिव्हेर्नीत त्याने 1893 मध्ये जमीन विकत घेतली, जवळच्या ओढ्याचे पाणी वळवून तळे केले, त्यात कमळे लावली आणि पुढची कितीतरी वर्षे तेच तळे रंगवले. पण तळ्यावरचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो. ढग सरकला की पाण्यातले आभाळ वेगळे, वारा आला की पानांची कड वेगळी. निसर्ग चित्रकाराला विषय देतो, हात थांबवण्याची जागा मात्र देत नाही. ती माणसालाच ठरवावी लागते आणि त्या कामी तारीख उपयोगी पडते. 1908 मध्ये पॅरिसमधल्या प्रदर्शनाच्या तोंडावर मोनेने निदान 15 कॅनव्हास नष्ट केले. प्रदर्शन पुढे गेले आणि 1909 मध्ये 48 चित्रांनिशी भरले. तारखेने त्याला छळले हे खरे, पण कठोर निवडही करायला लावली. पुढे पहिले महायुद्ध संपताच त्याने कमळांचे भव्य पट राष्ट्राला द्यायचे कबूल केले. 1922 मध्ये करारावर सहीही केली. तरीही ते पट त्याच्या हातून सुटेनात. मोतीबिंदूने नजर अधू झाली होती, शस्त्रक्रिया झाली, तरी चाके लावलेल्या ईझलांवर उभे केलेले ते पट तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. डिसेंबर 1926 मध्ये तो वारला आणि मे 1927 मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात ते पट लोकांसाठी खुले झाले.

यावर कोणी म्हणेल, ही आसक्ती कसली, हा तर कामाशी प्रामाणिकपणा! त्या वर्षांच्या हातफिरवणीने काही पट अधिक खोल झालेही असतील. चित्रकलेच्या हिशेबात तो लाभ मी नाकारत नाही. प्रश्न मनाच्या बंधनाचा आहे. गीतेच्या त्याच दुसऱ्या अध्यायावर भाष्य करताना ज्ञानेश्वर सांगतात की हाती घेतलेले कर्म तडीला गेले म्हणून हरखू नये आणि अडले म्हणून खंतावू नये; जेवढे हातून झाले तेवढे आदिपुरुषाला अर्पण करावे, म्हणजे ते आपोआप परिपूर्ण होते. इथे पूर्णता अर्पणातून येते, निर्दोषपणातून नव्हे. ‘अजून थोडे राहिले आहे’ म्हणत चित्र अडवून धरणारा चित्रकार स्वतःच्या समाधानावरचा हक्क सोडत नसतो. तेही फळच आहे, आणि चित्र विकले गेल्याची खूण असलेल्या लाल टिकलीच्या मोहापेक्षा ते ओळखायला कठीण.

बाजाराचा आक्षेप याहून जड आहे. काय विकले जाते हे कळले की हात तेच काढू लागतो. मागच्या वेळी निळी चित्रे गेली, म्हणून यंदाही निळी. हे घडते आणि त्याने चांगले चित्रकार वाया जातात. पण ही पडझड गॅलरीच्या दारात होत नाही. ती आधीच, स्टुडिओच्या एकांतात, पहिला फटकारा मारतानाच झालेली असते. उलट उदाहरण चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे. ते वर्षाला मोजकीच चित्रे करत. कॅनव्हाससमोर दीर्घकाळ बसून राहावे, मग रोलरने रंग पसरावा, सुरीने खरवडावा, कागदाचे तुकडे दाबून ठसे उमटवावेत, असे त्यांचे काम. झेन विचाराकडे त्यांचा ओढा होता आणि ते लोकांत फारसे मिसळत नसत. तरी त्यांनी चित्रे दडवली नाहीत. मुंबईत त्यांची प्रदर्शने होत राहिली. 2001 मध्ये ते गेले आणि 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला 23 कोटींहून अधिक रुपये मिळाले. त्या रकमेचा त्या चित्रामागच्या साधनेशी काय संबंध? तेव्हा बाजार टाळायचा म्हणून प्रदर्शन टाळणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

फळ सोडणे म्हणजे पाहणाऱ्याला सोडणे नव्हे, हे अजिंठ्याकडे पाहिले तर अधिक स्पष्ट होते. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात दात्याचे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे, नाव आहे. भिंती रंगवणाऱ्यांनी मात्र स्वतःची ओळख मागे ठेवली नाही. पण त्यांनी रंगवले ते जिथे भिक्षू आणि उपासक येणार, बघणार, त्याच भिंतींवर. नाव सोडले, पाहणारा सोडला नाही.

ज्यांच्या स्टुडिओत झालेली चित्रे ‘अजून वेळ आहे’ म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी आहेत, त्यांनी गॅलरीची तारीख घ्यावी, चित्रे टांगावीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसावे.