बदलण्याचा अधिकार

योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले, तर ते दान सात्त्विक, हा गीतेच्या सतराव्या अध्यायातला निकष आपल्या मनात इतका मुरलेला आहे की दानाविषयी वेगळा काही विचार करावा असे सहसा कोणाला वाटत नाही. या निकषात एक गोष्ट गृहीत आहे. स्थळ, काळ आणि पात्र यांचा विवेक देणाऱ्याने करायचा असतो. घेणारा पात्र आहे का हे तपासले जाते, पण काय दिले जावे हे ठरवण्यात त्याचा वाटा नसतो. अन्नवस्त्रांच्या दानात याने फारसे बिघडत नाही, कारण धान्य खाऊन संपते. माहितीची व्यवस्था मात्र संपत नाही. कोणाची नोंद होणार, कशाला आजार म्हणायचे, कोण कर्जाला लायक, कोणती भाषा यंत्राला कळणार हे ती दिल्यानंतरही ठरवतच राहते. गेल्या तीस वर्षांत आफ्रिकेत माहिती तंत्रज्ञानाच्या आधाराने विकासाचे जे संयुक्त प्रयत्न झाले, ते पाहताना हा फरक प्रकर्षाने जाणवतो. अशा व्यवस्थेची नैतिक पारख देणाऱ्याच्या हेतूवरून करता येत नाही, आणि केवळ लाभार्थींच्या संख्येवरूनही करता येत नाही, असे माझे मत आहे. ती व्यवस्था बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे पाहावे लागते.

दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली तेव्हा त्या एका देशात चौदा आरोग्य खाती होती. एक केंद्राचे, गोऱ्यांचे, मिश्रवर्णीयांचे आणि भारतीयांचे मिळून तीन, आणि कृष्णवर्णीयांसाठी आखून दिलेल्या दहा ‘बांटुस्तानां’ची दहा. प्रत्येकाचे तक्ते वेगळे, व्याख्या वेगळ्या. दवाखान्यातल्या नर्सने आकडे भरायचे, वर पाठवायचे आणि विसरून जायचे. मोजणी हे तिथे राज्य करण्याचे साधन होते. ज्याची मोजणी होई त्याला तिचा काही उपयोग नसे. त्या सुमारास केप टाउनच्या परिसरात ‘हिस्प’ नावाचा आरोग्य-माहितीचा कार्यक्रम उभा राहिला. त्यात तिथल्या विद्यापीठांतले सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते होते आणि नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाचे संशोधक होते. त्यांच्या कामाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दवाखाना चालवायला कोणते आकडे खरोखर लागतात, यावर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांनी एक किमान यादी ठरवली. सगळ्यांनी पाळायची ती यादी छोटी ठेवली आणि तिच्यापलीकडे प्रत्येक जिल्ह्याला आपल्या गरजेच्या नोंदी घालण्याची मोकळीक दिली. सॉफ्टवेअर त्यानंतर आले, तेही फुकट आणि खुले. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे ‘डीएचआयएस-२’. केनियाने २०११ मध्ये ती देशभर लागू केली. आज सत्तरहून अधिक देश ती वापरतात. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाची साथ पसरू लागली तेव्हा विमानतळावर येणाऱ्या प्रवाशांच्या नोंदीसाठी श्रीलंकेतल्या गटाने या व्यवस्थेत स्वतः भर घातली आणि ती भर इतर अनेक देशांनी उचलली. कोलंबोतल्या माणसांना त्यासाठी ओस्लोच्या होकाराची वाट पाहत बसावे लागले नाही. खालच्या पातळीवर बदल करता येण्याचा अर्थ तिथे लख्ख दिसला.

या अधिकाराला मी नैतिक का म्हणतो, नुसता व्यवस्थापकीय सोयीचा का म्हणत नाही, याचे उत्तर आफ्रिकेच्याच तत्त्वचिंतनात सापडते. नायजेरियाचे इफेआन्यी मेंकिटी यांनी १९८४ च्या एका निबंधात मांडले की आफ्रिकी परंपरेत मनुष्यत्व जन्माबरोबर पुरते हाती येत नाही. समाजातल्या जबाबदाऱ्या पेलत पेलत माणूस ते कमावत जातो. हे मान्य केले तर एक गंभीर निष्कर्ष निघतो. ज्या योजनेत तुमची अडचण दुसराच कोणी परस्पर सोडवून टाकतो, ती तुमची सोय करते आणि त्याच वेळी तुम्ही माणूस म्हणून वाढण्याची एक संधी काढून घेते. घानाचे क्वासी विरेडू यांनी आणखी नेमका भेद केला. अशांती समाजातल्या सहमतीच्या परंपरेवर लिहिताना त्यांनी प्रतिनिधित्वाचे दोन प्रकार सांगितले. सभेत तुमचा माणूस बसला आहे, हे औपचारिक प्रतिनिधित्व. घेतलेल्या निर्णयात तुमचे म्हणणे उतरले आहे, हे खरे प्रतिनिधित्व. मतदानात हरलेल्या गटाला पहिले मिळते, दुसरे मिळत नाही. विकास-प्रकल्पांच्या अहवालांत ‘स्थानिकांशी चर्चा’ असे एक प्रकरण जवळजवळ ठरलेले असते. विरेडूंचा भेद हाती घेऊन ते वाचावे आणि एवढेच विचारावे, की त्या चर्चेनंतर अर्जातला एक तरी रकाना बदलला का?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप परिणामांचा आहे. उपाशी माणसाला भाकरी हवी असते, भाकरीच्या कृतीवर मत नोंदवायचे नसते. त्यासाठी केनियातल्या ‘एम-पेसा’चा दाखला दिला जातो, आणि तो दिला जावा इतका भक्कम आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ही सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे एक दूरसंचार कंपनी आणि ब्रिटिश सरकारच्या मदतखात्याचा निधी होता. लोकसहभागाची कोणतीही चळवळ नव्हती. तरीही तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सेवेमुळे केनियातली १,९४,००० कुटुंबे, म्हणजे सुमारे दोन टक्के, गरिबीतून वर आली. मग कोणाच्या अधिकाराची चिंता कशाला करायची? पण ही सेवा घडली कशी ते पाहिले पाहिजे. मूळ कल्पना सूक्ष्म कर्जांचे हप्ते मोबाइलवरून फेडण्याची होती आणि २००५ मधली चाचणीही त्यासाठीच होती. चाचणीतल्या लोकांनी मात्र ती एकमेकांना पैसे पाठवायला वापरायला सुरुवात केली. शहरात मजुरी करणारे तोवर गावी पैसे पोचवण्यासाठी ओळखीचा माणूस किंवा बसवाला शोधत असत. आफ्रिकेतल्या काही देशांत तर लोक मोबाइलचा टॉकटाइमच चलनासारखा पुढे सरकवत होते. चालकांनी हे पाहिले आणि बेत बदलला. म्हणजे ज्या यशाचा दाखला दिला जातो, त्याचा गाभाच घेणाऱ्यांनी केलेला बदल हा आहे. तो बदल त्यांना हक्काने मिळालेला नव्हता. चालकांनी ऐकले, म्हणून झाला.

हक्क नसला की काय होते, तेही त्याच देशात पुढे दिसले. हातातल्या त्याच फोनवर काही वर्षांत झटपट कर्जे येऊ लागली. तुमचे व्यवहार वाचून यंत्र कर्ज ठरवी, फेडायला उशीर झाला की नाव पतनोंदीत लागे, आणि निकष काय हे कर्जदाराला माहीत नसे. पुष्कळ माणसे किरकोळ रकमांपायी काळ्या यादीत गेली. शेवटी २०२२ मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेला डिजिटल कर्ज देणाऱ्यांसाठी नियम करावे लागले. साधन तेच होते आणि माणसेही तीच होती. पहिल्या वेळी त्यांच्या वापराने व्यवस्था वळली. दुसऱ्या वेळी व्यवस्थेने त्यांना वळवले. फेसबुकच्या मोफत इंटरनेटचा प्रश्नही याच जातीचा आहे. २०१४ मध्ये झांबियापासून सुरू झालेल्या या योजनेत ठरावीक संकेतस्थळे फुकट मिळत आणि बाकीच्यांचे पैसे पडत. आपल्याकडे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये असे भेदभावाचे दर नाकारले, तेव्हा गरिबांच्या तोंडचा घास काढल्याची टीका झाली होती. तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते, कारण फुकट काय मिळावे याची यादी गरिबाच्या हाती नव्हती.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अधिक अडचणीचा वाटतो. ‘लोकांच्या हाती अधिकार’ म्हणजे नेमका कोणाच्या हाती? समाज म्हटला की त्यात घरमालक आणि भाडेकरू आले, पुरुष आणि बायका आल्या, बोलके आणि मुके आले. घानाचेच क्वामे ग्येक्ये यांनी मेंकिटींवर हेच बोट ठेवले. समाज माणसाला घडवतो खरा, पण त्या समाजाकडे परक्या नजरेने पाहण्याची आणि त्याला नकार देण्याची शक्तीही माणसात असते. ती मान्य केली नाही तर समूहाच्या नावाने व्यक्ती चिरडली जाते. नैरोबीतल्या किबेरा वस्तीचे उदाहरण घ्या. लाखो माणसांची ही वस्ती नकाशांवर जवळजवळ कोरी होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे घेऊन पाण्याचे नळ, दवाखाने, संडास, शाळा यांची ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर नोंद केली. काम निःसंशय मोलाचे होते. पण जिथे बहुतेकांच्या पायाखालच्या जमिनीला कागद नाही, तिथे नकाशावर येणे सगळ्यांच्या सारखे हिताचे नसते, आणि ज्या नकाशावरून पाण्याची मागणी करता येते त्याच नकाशावरून पाडापाडीचाही आराखडा करता येतो. ग्येक्ये यांचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. बदलण्याच्या अधिकारात वगळण्याचाही अधिकार आला पाहिजे, आणि तो समूहाइतकाच एकेकट्या माणसालाही असला पाहिजे: माझे घर या नकाशात नको, माझा आजार या यादीत नको. यामुळे माहिती अपुरी राहील. ती किंमत मोजावी असे मला वाटते.

तिसरा आक्षेप ज्ञानाच्या विषमतेचा. हृदयविकाराचे निदान सहमतीने होत नाही. ज्याला कळते त्याने सांगायचे. भारताने आफ्रिकेसाठी केलेला मोठा प्रयत्न याच भूमिकेवर उभा होता. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये जोहान्सबर्ग येथे आफ्रिकी संसदेपुढे त्याची कल्पना मांडली, सुमारे ५४२ कोटी रुपये मंजूर झाले आणि २००९ मध्ये उपग्रह व फायबरच्या जाळ्याने भारतातली विद्यापीठे व रुग्णालये आफ्रिकी देशांतल्या केंद्रांशी जोडली गेली. हजारो विद्यार्थ्यांनी त्यातून पदव्या घेतल्या. हेतू निर्मळ होता आणि उपयोगही झाला, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. तरीही रचना पाहिली की शिक्षक इकडे आणि विद्यार्थी तिकडे, तज्ज्ञ इकडे आणि रुग्ण तिकडे, अशीच दिसते. तिकडून इकडे काही येईल याची वाटच आखलेली नव्हती. ज्या वर्षांत हे जाळे विणले जात होते, त्याच वर्षांत केनियातला भाजीवाला मोबाइलने पैसे घेत होता. आपले यूपीआय एम-पेसानंतर नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये आले. ज्याला जे कळते त्याने ते शिकवावे, यात काही गैर नाही. आपल्यालाच कळते असे धरून तारा एकाच दिशेने टाकल्या, इथे चूक झाली.

आणि अधिकार कागदावर असून भागत नाही, हे आता भाषांच्या बाबतीत कळू लागले आहे. ‘मासाखाने’ हा आफ्रिकी भाषांसाठी यंत्रानुवाद आणि भाषातंत्रज्ञान उभे करणारा संशोधकांचा खुला समूह. त्यांचा २०२० चा शोधनिबंध डझनावारी लेखकांच्या नावाने निघाला आणि त्यात विद्यापीठीय चौकटीबाहेरची माणसेही होती. ज्यांनी भाषांतरे तपासली त्यांना त्यांनी लेखक मानले. त्या खंडात दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत आणि बहुतेकींचा मजकूर इंटरनेटवर जवळजवळ नाही, हे लक्षात घेता असे श्रम वाटूनच होऊ शकतात. पण असा जमवलेला मजकूर खुल्या परवान्याने ठेवला, की तो लागोसमधल्या विद्यार्थ्याला जितका खुला, तितकाच प्रचंड संगणकशक्ती असलेल्या परदेशी कंपनीलाही खुला. बदलण्याची मुभा दोघांना आहे. बदलण्याची ऐपत एकालाच आहे. म्हणून आफ्रिकेतले काही संशोधक आणि कायदेतज्ज्ञ वेगळे परवाने मांडू लागले आहेत: स्थानिकांना मोफत, बाहेरच्या व्यापारी वापरकर्त्यांनी मात्र मोबदला द्यावा किंवा लाभात वाटा द्यावा. खुलेपणाचे पुरस्कर्ते याला तत्त्वभंग म्हणतात. ज्ञान सर्वांचे, ही त्यांची निष्ठा मला आदरणीय वाटते. पण ज्यांच्या बोलण्यातून ते ज्ञान गोळा झाले, त्यांना आपल्याच भाषेचे यंत्र विकत घ्यावे लागणार असेल आणि त्यात चुकीचा शब्द आला तर तो दुरुस्त करण्याची सोयही नसेल, तर ‘सर्वांचे’ या म्हणण्याला पुरावा काय, हे त्या पुरस्कर्त्यांनी दाखवायला हवे.