गणवेशाने काय झाकावे?

शाळा-महाविद्यालयातील मुलांनी अंगावर काय घालावे आणि काय घालू नये, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा, ही गोष्ट पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकसारख्या गावी राहणाऱ्या माणसाला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. येथे जून महिना उजाडला की पेरणीची आणि गणवेशाची चिंता एकदमच दारात येते. मंचरच्या बाजारात बियाणे घ्यावयास गेलेला बाप परतताना मुलाच्या शर्टाचे कापडही घेऊन येतो. गणवेश म्हणजे खर्च, एवढाच त्याचा त्या वस्त्राशी संबंध. त्या कापडात विचारस्वातंत्र्य, सदसद्विवेकबुद्धी असल्या भारदस्त गोष्टी गुंडाळलेल्या असतील, हे त्याच्या मनातही येत नाही. पण त्या तिथे आहेत, आणि आपल्या कॅथलिक समाजाच्या हाती अनेक शाळा असल्यामुळे त्यांच्याकडे डोळेझाक करण्याची सवलत आपल्याला नाही.

मुंबईत चेंबूर येथील आचार्य-मराठे महाविद्यालयाचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. २०२४ साली या महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, नकाब, टोपी, बिल्ले इत्यादींवर बंदी घालणारा नियम काढला. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. पोशाखावरून विद्यार्थ्याचा धर्म दिसू नये, म्हणजे त्याचे लक्ष विद्यार्जनाकडे राहील, हा नियमामागील हेतू न्यायालयाला योग्य वाटला. पाठोपाठ त्याच महाविद्यालयाने फाटक्या जीन्स, टी-शर्ट यांनाही मनाई केली. पुढे ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांनी हिजाब, टोपी व बिल्ले यांच्यापुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली. चेहरा झाकणारा बुरखा वर्गात चालणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न मार्मिक होता: मुलांच्या नावांवरून धर्म कळत नाही काय? कपाळावर टिळा लावलेल्या विद्यार्थ्यालाही तुम्ही अडवणार काय?

आमच्या मते सगळ्या वादाची गाठ येथेच आहे. गणवेशाने काहीतरी झाकावयाचे असते, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो नेमके काय झाकावयाचे, याचा.

गणवेश दारिद्र्य झाकण्यासाठी आला, असे आम्ही समजतो. बागायतदाराचा मुलगा आणि त्याच्याच बांधावर मजुरी करणाऱ्या बाईचा मुलगा एका बाकावर बसले, तर एकाच्या अंगावरील नव्या कपड्याने दुसऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यातील धर्म. शिस्त, टापटीप या गोष्टी नंतरच्या. ज्या भेदाने मूल लाजते, तो भेद शाळेने जरूर झाकावा. हे काम सोपे नाही. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्र शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना राबविली. कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोहोचले नाहीत, पोहोचले त्यांतील अनेकांची मापे जुळेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविणे शासनाला भाग पडले. दारिद्र्य झाकण्याचा गणवेश वेळेवर देता येत नसेल, तर निदान मुलांच्या गळ्यातील आणि डोक्यावरील खुणा शोधण्यात तरी वेळ घालवू नये!

कारण त्या खुणा निराळ्या जातीच्या आहेत. वारकरी घरातील मुलगा गळ्यात तुळशीची माळ घालून शाळेत येतो. आमच्या घरातील मुलाच्या शर्टाआड क्रूस असतो, क्वचित आजीने घातलेले स्कॅपुलर असते. यात्रेहून आलेल्या पोराच्या कपाळावर गुलाल असतो. मंचर-जुन्नरकडील मुस्लिम मुलगी डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटून येते. यांपैकी कोणालाही त्या खुणेची लाज वाटत नाही. ती त्यांच्यातील उणीव नसून ठेव आहे. लाजविणारा भेद आणि आपखुशीने मिरविलेला भेद यांना एकाच कापडाखाली दडपणे, याला समता म्हणणे आम्हाला जड जाते.

आणि खूण कोणती, गणवेश कोणता, हेही काळ ठरवितो. पांढरी गांधी टोपी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत असे. ती डोक्यावर ठेवणे म्हणजे सत्तेला शब्दाविना दिलेले उत्तर होते. स्वातंत्र्यानंतर तीच टोपी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील शाळांतून गणवेशाचा भाग झाली, आणि ती विसरून आलेल्या पोराने गुरुजींच्या छड्या खाल्ल्या.

येथे कोणी म्हणेल, मग फाटक्या जीन्सने काय घोडे मारले? तेही अभिव्यक्तीच नव्हे काय? आहे, पण प्रत्येक अभिव्यक्तीचे वजन सारखे नसते. एखादा कपडा घालू दिला नाही म्हणून मूल हिरमुसते, आणि एखादी गोष्ट काढावयास लावली म्हणून त्याला आपल्या देवाशी अथवा आपल्या निश्चयाशी प्रतारणा केल्यासारखे वाटते, या दोन अवस्थांत अंतर आहे. पहिल्या बाबतीत शाळेने नियम करावेत, मुलांनी ते पाळावेत. (वडीलधाऱ्यांना न रुचणारी केशरचना म्हणजे अनीती, असा मात्र समज नसावा. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांनाही जीन्स व टी-शर्ट वर्ज्य केले, तेव्हा अनेक गुरुजनांना हा विषय प्रथमच विद्यार्थ्यांच्या बाजूने दिसला असेल.) दुसऱ्या बाबतीत नियम करणाऱ्याने थबकले पाहिजे.

डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातील दे मॉईन शहरात काही विद्यार्थी दंडावर काळ्या फिती बांधून शाळेत गेले. व्हिएतनाममधील युद्धात मेलेल्यांबद्दल शोक करावा आणि युद्ध थांबावे, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. त्यांत मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील मेथॉडिस्ट पाळक. शाळेने मुलांना घरी पाठविले. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या कामात खरोखर व्यत्यय आला काय, हे पाहावे. व्यत्यय येईल या नुसत्या धास्तीने मुलांचे तोंड बंद करू नये, असा त्याचा आशय होता. योगायोग असा की, त्याच डिसेंबर १९६५ मध्ये, ७ तारखेला, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. धर्माच्या बाबतीत कोणालाही सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागावयास भाग पाडू नये, आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत कोणालाही तिच्याप्रमाणे वागण्यापासून अडवू नये, ही शिकवण त्यात आहे. ती केवळ कॅथलिकांच्या सोयीसाठी दिलेली नाही.

आपल्या देशातील दाखलाही जुना नाही. जुलै १९८५ मध्ये केरळातील एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहात, पण श्रद्धेमुळे गात नसत. ती यहोवाचे साक्षीदार या पंथातील होती. या पंथाचे प्रचारक आमच्या धर्मग्रामांतील लोकांच्या दाराशी येऊन किती वाद घालतात, ते आम्हा धर्मगुरूंना ठाऊक आहे. तरीही ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी या मुलांना शाळेत परत घ्या असा निर्णय दिला, त्याचा लाभ उद्या आपल्याही मुलांना होणार आहे. फ्रान्समध्ये २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतून हिजाबाबरोबर मोठे क्रूसही बाहेर गेले, हे विसरून चालणार नाही.

आता अवघड भागाकडे येतो. नियम करणारा हात जेव्हा आपला असतो, तेव्हा काय? तिरुवनंतपुरम येथील ख्रिस्त नगर या कॅथलिक शाळेत दोन मुलींना डोक्यावर वस्त्र व पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा होता. डिसेंबर २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने शाळेचा अधिकार उचलून धरला. संस्था चालविण्याच्या व्यापक हक्कापुढे व्यक्तीचा हक्क गौण ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीजवळील पल्लुरुथी येथील सेंट रीटा शाळेत आठवीतील एका मुलीच्या हिजाबवरून वाद झाला. तणावामुळे शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी मुलीने दुसऱ्या शाळेत जाण्याचे ठरविले. कायद्याच्या दृष्टीने आपल्या संस्थांची बाजू लंगडी नाही. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेला अधिकार मौल्यवान आहे आणि तो जपलाच पाहिजे. परंतु अल्पसंख्य म्हणून मिळालेला अधिकार आपण दुसऱ्या अल्पसंख्याच्या मुलीवर प्रथम वापरावा काय? आपल्या अनेक धर्मभगिनी डोके झाकून वर्गात उभ्या राहतात. त्यांचे ते वस्त्र त्यांच्या समर्पणाची खूण आहे, हे आपण हिंदू-मुस्लिम पालकांना अभिमानाने सांगतो. त्याच वर्गात समोरच्या बाकावरील मुलीने डोके झाकले तर अभ्यासात विघ्न येते, हे त्या पालकांना कसे पटवून द्यावयाचे?

धर्मभगिनीने ते वस्त्र सज्ञान झाल्यावर स्वेच्छेने घेतले, मुलीवर ते घरच्यांनी लादले असेल, असे उत्तर देण्यात येते. ते आम्ही झटकून टाकीत नाही. घराघरांतून मुलींवर किती गोष्टी लादल्या जातात, ते कबुलीजबाबाच्या खुर्चीवर न बसताही कळते. पण खरोखरच लादले असेल, तर त्या मुलीला दारातून परत पाठवून आपण कोणाच्या स्वाधीन करतो? ज्यांनी लादले त्यांच्याच. शाळा हेच तिचे दुसरे जग; तिथे पुस्तक, मैत्रीण आणि एखादी समजूतदार बाई भेटली, तर उद्या ते वस्त्र ठेवावे की उतरवावे, हे ती स्वतः ठरवील. कर्नाटकातील हिजाब प्रकरणी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांना गणवेशाची एकरूपता महत्त्वाची वाटली. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाचे काय होणार, हा प्रश्न सर्वांत पुढे ठेवला. आमचे मन धुलिया यांच्याकडे झुकते.

मात्र त्याच कर्नाटकात हिजाबला उत्तर म्हणून शेकडो मुले भगवी उपरणी घेऊन महाविद्यालयांच्या आवारात उतरली होती. मुख्याध्यापकाने अशा वेळी काय करावे? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. जी खूण वादापूर्वीही अंगावर होती, आणि जी कोणी पाहिली नाही तरी त्या मुलाने घातलीच असती, ती श्रद्धेची. जी दुसऱ्याला खिजविण्यासाठी सकाळी वाटण्यात आली, ती भांडणाची. तिला शाळेने आवाराबाहेर ठेवावे. ही कसोटी आपल्या मुलांनाही लागू आहे. एरवी क्रूस न घालणाऱ्या मुलाने भांडणाच्या दिवशी तो शर्टावर काढला, तर त्यालाही तो आत घेण्यास सांगावे.

शिक्षेविषयी एकच गोष्ट. नियमभंगाबद्दल मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची आपली रीत फार जुनी आहे. मेंदी लावून किंवा बांगड्या घालून आलेल्या मुली दिवसभर व्हरांड्यात उभ्या असल्याच्या तक्रारी आमच्याही कानी येतात. ज्या शिस्तीचा हेतू शिक्षण हा, तिची शिक्षा शिक्षण हिरावणे ही कशी? १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा वाटेत लोक अंगावर शेण-चिखल टाकीत. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत पोहोचल्यावर ते नेसत आणि धडा सुरू करीत. वस्त्र मळले म्हणून त्या दिवशीचा धडा बुडाला नाही.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर पालकांबरोबर विद्यार्थ्यांनाही जागा आहे. आपल्या शाळांच्या व्यवस्थापकांनी गणवेशाचे नियम ठरविताना असे दोन विद्यार्थी आणि इतर धर्मांतील दोन-तीन पालक समोर बसवावेत. डोक्यावर वस्त्र हवेच असेल तर ते गणवेशाच्याच रंगाचे असावे काय, प्रयोगशाळेत आणि खेळाच्या तासाला काय करावे, हे त्यांच्याशी बोलून लिहून काढावे. बैठक मार्चअखेर व्हावी. जूनमध्ये दुकानदाराकडे कापडाची मागणी नोंदवून झाल्यावर बोलावलेल्या बैठकीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही.