कापूस तोच, गुन्हा वेगळा

बोदवडकडच्या गावांत वेचणीनंतर कापूस घरातच साठवलेला दिसतो. भाव वाढेल या आशेनं एक खोली छतापर्यंत भरलेली असते आणि माणसं उरलेल्या जागेत झोपतात. समजा, अशा एका शेतकऱ्याचा 50 किलो कापूस चोरीला गेला. हा गुन्हा केवढा मोठा?

ते कापसावर नाही, जागेवर ठरतं.

शेतातून वेचून नेला तर ती साधी चोरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार शिक्षा 3 वर्षांपर्यंत. माल 5000 रुपयांच्या आतला असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल परत केला, तर फक्त सामुदायिक सेवा. तोच कापूस राहत्या घरातून नेला तर कलम 305, म्हणजे 7 वर्षांपर्यंत. आणि रात्री कडीकोयंडा तोडून चोरीसाठी आत शिरला तर ती घरफोडी. कलम 331 नुसार 14 वर्षांपर्यंत.

गंमत म्हणजे चोराच्या हाती काहीच लागलं नाही तरी घरफोडीचा गुन्हा पूर्ण होतो. भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी पुरे. मालकाची हरवलेली किल्ली वापरून कुलूप उघडलं, तरी ती घरफोडीच.

मग इथे कायदा मोजतो काय? कलम 41 वाचलं की कळतं. रात्रीच्या घरफोडीत, दुसरा इलाजच नसेल तर, बचावाचा हक्क चोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. हे कापसासाठी नाही. अंधारात दार फुटतं तेव्हा समोरचा मालासाठी आलाय की आपल्या जिवावर, हे आतल्या माणसाला कळत नाही. कायद्यानं त्या भीतीची किंमत धरली आहे. 1860 च्या दंड संहितेतही हेच होतं.

इथवर पटतं. पण वेचणीला आलेली एखादी मजूर बाई उघड्यावर झोपली आहे. उशाखालच्या फडक्यात 3000 रुपये, हंगामाची सगळी कमाई. रात्री कुणीतरी ते काढून नेतं. फोडायला दारच नाही, म्हणून घरफोडी नाही. घरच नाही, म्हणून कलम 305 ही नाही. उरते साधी चोरी, आणि पैसे परत दिले तर सामुदायिक सेवा.

तिची भीती कापूसवाल्यापेक्षा कमी होती का? उशाशी आलेला हात तर तिच्या अंगापासून वीतभर अंतरावर होता.

कायद्याची अडचण समजण्यासारखी आहे. तुटलेला कोयंडा पंचनाम्यात लिहिता येतो, भीती लिहिता येत नाही. नुसत्या भीतीवर 14 वर्षं द्यायची म्हटलं तर उद्या कुणालाही अडकवता येईल. म्हणून व्याख्येला दार लागतंच. मात्र ‘3 वर्षांपर्यंत’ यातल्या ‘पर्यंत’मध्ये न्यायाधीशाला पुष्कळ जागा आहे. शिक्षा ठरवताना रकमेच्या आधी एक प्रश्न विचारता येईल: त्या रात्रीनंतर ती बाई तिथे पुन्हा झोपू शकली का?