आठ फुटांचा खर्ज

मामानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि तो खिडकीकडे सरकत गेला. "किती?"

"सात फूट अकरा इंच."

"आठ म्हण. इंचभर गिलाव्यात गेला असेल."

मामाच्या फ्लॅटमधली ही सगळ्यात लहान खोली. आठ बाय अकरा, उंची साडेनऊ. आधी मामेभावाच्या अभ्यासाची, तो बेंगळुरूला गेल्यावर इस्त्रीच्या कपड्यांची आणि मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून 'गाण्याची'. एका भिंतीला पुस्तकं, कोपऱ्यात लोखंडी कपाट, कपाटावर पाहुण्यांच्या गाद्या, आणि बरोबर मधोमध एक वेताची खुर्ची. खुर्चीवर दोन माहितीपत्रकं पडलेली होती. एकातले स्पीकर माझ्या कमरेच्या वर येतील असे, जमिनीवर उभे राहणारे. प्रत्येकात दोन-दोन आठ इंची वूफर, २८ हर्ट्झपर्यंत उतरणारे. जोडी साडेआठ लाख. दुसऱ्यातले जेमतेम फूटभर उंचीचे. बीबीसीच्या संशोधन विभागानं १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावतील असे एलएस ३/५ए नावाचे मॉनिटर घडवले होते, त्यांचीच ही आजची नातवंडं. साडेतीन लाख.

मी डबिंग स्टुडिओत आवाजाचं काम करते, म्हणून मला बोलावलेलं. खरं तर मामाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला सल्ला नको होता, भांडायला कुणीतरी हवं होतं.

"छोटे घे," मी म्हटलं.

"का?"

"खोली छोटी आहे."

"हे काय कारण झालं? छोट्या घरात राहणाऱ्यानं पातळ पुस्तकं वाचायची का?"

"पुस्तक भिंतीवर आपटून परत येत नाही, मामा."

तो हसला, पण मागे हटला नाही. "हे छोटे कुणासाठी केले होते, माहितीय ना? गाडीत बसलेल्या इंजिनिअरसाठी. निवेदकाचा आवाज निवेदकासारखा येतोय का, एवढंच त्याला बघायचं होतं. पाच लिटरची पेटी. तिच्यातून खालचे सूर निघणार कुठून? वर शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपास किंचित फुगवटा आहेच. कानाला वाटावं, खाली अजून काहीतरी आहे."

"सभ्य फसवणूक."

"साडेतीन लाखांची सभ्य फसवणूक. आणि मला हवाय तानपुऱ्याचा खर्ज. काळी एक धर. षड्ज १३८च्या पुढेमागे, खर्ज त्याच्या निम्मा, ६९. हा छोटा तिथं पोचेपर्यंत धापा टाकायला लागतो. मी पन्नास वर्षं तानपुरा अर्धाच ऐकलाय. आता पूर्ण ऐकावासा वाटतो, तर ही हाव आहे का?"

हाव म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी वेगळ्या बाजूनं गेले. "पण तू ऐकतोस काय? दिवसभर अब्दुल करीम खाँ. त्यांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या भोंग्यासमोर गायलेल्या. त्या भोंग्यातून २५०च्या खालचं जवळजवळ काही मेणापर्यंत पोचतच नव्हतं. तीसच्या दशकातल्या मायक्रोफोनवरच्या तबकड्या घे, तिथंही खर्ज नावालाच. नसलेली गोष्ट २८ हर्ट्झपर्यंत जाऊन कशी सापडेल?"

"नसलेली कशी? मला ऐकू येतो की. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवरही यायचा. आमच्या टेलिफोनचंच घे ना. ३०० ते ३४०० हर्ट्झ, एवढीच वाट ठेवलेली. पुरुषाचा आवाज १२०च्या आसपास, म्हणजे मूळ सूर तारेत शिरतच नाही. तरी तुझ्या बाबांचा आवाज फोनवर कधी बायकी वाटला तुला?"

"नाही."

"आम्ही अख्ख्या देशाला निम्मा आवाज दिला आणि बिल पूर्ण घेतलं."

याचं कारण त्यालाही माहीत होतं, मलाही. खर्जाच्या तारेतून ६९ एकटा निघत नाही. त्याच्या पाठोपाठ १३८, २०७, २७६ अशी रांग निघते. स्पीकरनं पहिला गाळला, तरी बाकीच्यांमधलं अंतर ६९चंच राहतं, आणि त्या अंतरावरून मेंदू गैरहजर सुराला हजर करून घेतो. तानपुरा तर या खेळाचं घरच. गंधाराची एकही तार नसताना जवारी नीट लागली की गंधार उमटतो. गवई त्याला स्वयंभू म्हणतात. खर्जाच्या बाबतीत ऐकणाऱ्याचा कानच तेवढं काम करतो.

"म्हणजे बघ," मी म्हटलं, "खर्ज स्पीकर लावत नव्हता. ट्रान्झिस्टरवर ऐकतानासुद्धा तो तूच लावत होतास."

मामा खुर्चीत बसला. माहितीपत्रकं त्याच्याखाली चुरगळली. "इतकी वर्षं मी लावत होतो?"

"हो."

"मग आता मी निवृत्त झालोय. आता यंत्रानं लावावा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आपण आपल्या खिशातून भर घालून ऐकलेलं गाणं जास्त आपलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण पन्नास वर्षं भर घालत आलेल्या माणसाला ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

स्टुडिओतला आठ इंची वूफरचा एक मॉनिटर मी दिवसभरासाठी उचलून आणला होता. तो कोपऱ्यात जमिनीवर ठेवला, फोनमधून ७० हर्ट्झचा साधा सूर सोडला आणि डाव्या भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले. कुणी छातीवर तळवा ठेवून हलकेच दाबावं, तसं वाटलं. एक पाऊल आत आले, तळवा सैल झाला. अजून एक पाऊल, आणि खुर्चीपाशी पोचले तेव्हा सूर थांबलाच. मला वाटलं, फोनवर कुणाचा कॉल आला. बघितलं तर फोन बिचारा चालूच होता. पुढे उजव्या भिंतीकडे गेले, तळवा परत छातीवर.

"ऊठ," मी मामाला म्हटलं. "तू चाल."

तो चालला. खिडकीपासून पुस्तकांपर्यंत, पुस्तकांपासून खिडकीपर्यंत, चार वेळा. मग पाकिटाच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्याला ७०नं भागलं की लाटेची लांबी पाच मीटरच्या जरा आत, म्हणजे सोळा फूट. सोळाचे अर्धे आठ. दोन भिंतींच्या मध्ये बरोबर अर्धी लाट अडकते. भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त, मधोमध शून्य.

"म्हणजे माझी खोली काळी एकमध्ये लागलेली आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, कळेना.

"काळी एकपेक्षा जरा चढी."

"आणि खर्ज गायब होतो ती जागा म्हणजे नेमकी माझी खुर्ची."

मी सूर दुप्पट केला, १४०. आता खुर्चीपाशी उलटं झालं. मधला षड्ज असा फुगला, की कपाटाची कडी झणझणायला लागली. मामीनं स्वयंपाकघरातून विचारलं, कुकर लावलाय का कुणी?

मामानं पाकिटावर अजून एक सूत्र लिहिलं. मॅनफ्रेड श्रोएडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं. खोलीचं घनफळ पावणेचोवीस घनमीटर, घुमारा ०.४ सेकंद धरला, उत्तर २६०. २६० हर्ट्झच्या खाली स्पीकर कोणताही आणा, कुठल्या सुराला उचलायचं आणि कुठला गिळायचा, हे ठरवते खोली. साडेआठ लाखांतले बहुतेक पैसे या २६०च्या खालच्या मुलखासाठी आहेत, आणि तिथला मालक दुसराच.

"गाद्या लावू कोपऱ्यात," तो म्हणाला, पण स्वतःच मान हलवली. सोळा फुटी लाटेला चार इंची गादी म्हणजे एसटीला कुंपणाची बोरी. तिच्यानं वरचे सूर शोषले जातील, खर्ज हलणार नाही.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्याला एकदम आठवलं. "केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर अवकाशात पाठवली ना? सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं, तबकडी किती वेगानं फिरवायची त्याची आकृती कोरून दिली. स्पीकर नाही दिला."

"शहाणी माणसं."

"स्पीकर दिला असता, तर खोलीही द्यावी लागली असती."

मामी चहा घेऊन आली. तिनं दोन्ही माहितीपत्रकं मामाच्या खालून ओढून काढली, किमती वाचल्या आणि शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही अस्सल, अस्सल म्हणता. पण रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला आपण मागे सतरंजीवर बसायचो, शेवटी भीमसेनजी बसायचे, तेव्हा तो आवाज कुठून यायचा?"

"स्टेजवरून."

"मांडवातल्या स्पीकरांमधून. तेही बांबूला बांधलेल्या."

मामा गप्प. मला वाटतं, खरा प्रश्न मामीनं विचारला, आणि तो आम्ही दोघांनी टाळत आणला होता. कशाशी इमान राखायचं? तबकडीशी म्हणावं, तर तिच्यात खर्ज नाही. मैफलीशी म्हणावं, तर आपली मैफल बांबूवरच्या स्पीकरांची. गवयाच्या गळ्याशी म्हणावं, तर त्या गळ्यापासून आपण कायम पन्नास-शंभर फुटांवर होतो. 'हुबेहूब' म्हणताना कुणासारखं हुबेहूब, हे दुकानात कुणी विचारत नाही.

बऱ्याच वेळानं मामा बोलला. "एकदाच. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात बैठक होती. गवई कोण, ते आठवत नाही. गर्दी इतकी, की मला तानपुऱ्यामागे कोंबलं. भोपळ्याला माझा गुडघा टेकलेला. गाणं काय झालं, देव जाणे. पण खर्जाची तार छेडली की गुडघ्यात यायची. प्रत्येक वेळी. मी तो खर्ज गुडघ्यानं ऐकलाय."

चहा निवत होता.

"मग मोठे घे," मी म्हटलं.

"आं?"

"तुला ऐकायचा नाहीये तो, अंगाला लागायला हवाय. मेंदू सूर भरून काढतो, गुडघ्यातली थरथर नाही भरून काढत. छोटे तिथं कधीच पोचणार नाहीत."

"आता तू मोठे म्हणतेस! अगं, आत्ताच दाखवलंस ना, की खुर्चीत शून्य येतं?"

"खुर्ची हलव की."

"स्टिरिओला मधोमध बसावं लागतं."

"तुझे खाँसाहेब मोनो आहेत, मामा. मोनोला कसला आलाय मध्य?"

खुर्ची आम्ही डावीकडे सरकवली, भिंतीपासून दोन फुटांवर. खोलीच्या रुंदीचा चौथा हिस्सा. ७०चा सूर सोडला. खर्ज आला. भिंतीपाशी होता तितका जाड नाही, पण आला. १४० सोडला, फुगवटा गेला, कपाटाची कडी गप्प. मामानं मग स्वतःच्या फोनवरचा काळी एकचा तानपुरा लावला, डोळे मिटले आणि खुर्चीच्या दांड्यावरचा हात उचलून गुडघ्यावर ठेवला.

"येतोय?"

"हा गुडघा आता वाताचा आहे. त्याच्या साक्षीवर जाऊ नकोस." पण हात त्यानं काढला नाही.

मामी म्हणाली, "एवढंच हवं असेल, तर मिरजेहून एक तानपुरा आणा. स्पीकरच्या एका पायाच्या किमतीत येईल."

"आणि जवारी कोण काढणार? पावसाळ्यात तारा उतरल्या की? शिवाय छेडत बसलो तर ऐकणार कधी?" हे त्यानं इतक्या भराभर म्हटलं, की हा विचार आधीच करून झालेला असावा. मिरजेच्या दुकानाचा नंबरही कदाचित फोनमध्ये असेल.

मला मात्र वेगळाच पेच पडला. सकाळी मी थोडक्यात भागवण्याच्या बाजूनं बोलत होते, आता साडेआठ लाखांची वकिली करत होते. आणि मामा, जो पूर्ण हवं म्हणत होता, तो खुर्चीतून माझ्या एका उसन्या मॉनिटरकडे समाधानानं बघत होता. एका. मोनोला दुसरा लागतोच कशाला? किशोरीताईंच्या स्वरमंडलासाठी लागतो, हे त्यालाच आठवलं. किशोरीताई महिन्यातून किती वेळा ऐकतोस, हे मामीनं विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही.

खडूनं त्यानं खुर्चीच्या चार पायांभोवती चार गोल काढले. उद्या फरशी पुसली की जातील, मामी म्हणाली. मग खुर्ची हलवूच नको, तो म्हणाला.

मग दुकानदाराला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"मोठ्यातला एकच मिळेल का? जोडी नको."

पलीकडे पाच-सहा सेकंद शांतता. मग दुकानदार हसला, जोडी फोडता येत नाही म्हणून समजावू लागला. मामा त्याचं बोलणं ऐकत नव्हता. त्यानं फोन माझ्या कानाजवळ धरला आणि बोट वर केलं.

भरदार आवाज होता माणसाचा.