पंचनाम्यात न उरणारा वारा

9 एप्रिल 2023 च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज मंदिराच्या टिनाच्या शेडवर जुना कडुनिंब उन्मळून पडला. वादळ-पावसापासून आडोसा म्हणून लोक त्याच शेडखाली थांबले होते. सात जण दगावले. असं वावधन सुटतं तेव्हा वारा मोजणारं यंत्र नेमकं त्या झाडापाशी कधीच नसतं. मग त्याचं बळ ठरवायचं कशावरून?

ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी 1805 च्या सुमारास यावर वाट काढली. वाऱ्यात जहाजाची शिडं किती ठेवता येतात, यावरून त्यांनी श्रेणी लावल्या. पुढे जमिनीवर धूर, पानं, फांद्या यांवरूनही तसाच अंदाज बांधला जाऊ लागला. पण हे सारं वारा वाहत असताना पाहायचं. वारा निघून गेल्यावर काय करायचं, याचं उत्तर तेत्सुया फुजिता यांनी दिलं. 1945 मध्ये अणुबॉम्बनंतरच्या हिरोशिमा-नागासाकीत फिरताना त्यांनी झाडं कुठल्या दिशेला पडली आहेत, ते बारकाईने पाहिलं होतं. शिकागो विद्यापीठात असताना 1971 साली त्यांनी घरं आणि झाडांच्या मोडतोडीवरून चक्रवाताचा, म्हणजे टोर्नेडोचा, वेग ठरवणारी श्रेणी मांडली. 1975 मध्ये न्यूयॉर्कला विमान कोसळलं, तेव्हा त्याचं कारण शोधताना त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. काही ढगांतून थंड, जड हवेचा लोंढा सरळ खाली कोसळतो आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. त्याने पडलेली झाडं एका मध्यापासून बाहेरच्या बाजूला आडवी होतात. चक्रवातात ती आतल्या बाजूला, एकमेकांना छेदत पडतात.

वऱ्हाडाला हा दुसरा शोध जास्त जवळचा आहे. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा 43-44 अंशांवर जातो. त्यात समुद्राकडून बाष्प आलं की दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. त्यांतला पाऊस खालच्या कोरड्या हवेत बराचसा विरतो, हवा गार आणि जड होते आणि खाली झेपावते. धूळ आधी येते, पाऊस मागून.

फुजितांच्या श्रेणीत दोषही होते. तिचे आकडे अंदाजाचे होते. कमी वेगातही कच्चं घर भुईसपाट होतं, हे अभियंत्यांनी दाखवून दिलं. म्हणून 2007 पासून अमेरिकेत सुधारित श्रेणी आली. तिच्यात घर, शाळा, झाड, खांब अशा 28 प्रकारांचं नुकसान वेगवेगळं तपासतात आणि बांधकाम कसं होतं तेही विचारात घेतात. तरी एक अडचण उरलीच. 2013 मध्ये ओक्लाहोमातल्या एल रेनोच्या चक्रवाताचा प्रचंड वेग फिरत्या रडारने टिपला, पण तो बहुतेक मोकळ्या रानातून गेल्याने नुकसानीवरून त्याची श्रेणी बरीच खालची ठरली. आपल्याकडचं वादळही असंच वावरातून जातं. वरुड-मोर्शीत संत्र्याचा आंबिया बहार झडतो, अकोटकडे केळी मोडते.

आपल्याकडे नुकसान पाहायची पद्धत, म्हणजे पंचनामा, जुनी आणि पक्की आहे. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येतात. घराची पडझड पूर्ण की अंशतः, पीक 33 टक्क्यांहून अधिक गेलं का, हे लिहितात. ते मदतीसाठी असतं आणि मदत आधी मिळायलाच हवी. पण या कागदांतून शेतकऱ्याचं नुकसान कळतं, वारा कळत नाही. माझ्या मते ही मोठी हानी आहे. नागपूरच्या डॉप्लर रडारपासून अकोला सव्वादोनशे किलोमीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि किंचित वर रोखलेली असल्याने तिथपर्यंत रडारची किरणं साडेचार-पाच किलोमीटर उंचीवरून जातात. जमिनीलगतचा वारा त्यांच्या खालून निघून जातो. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्रही एका जागेचाच वारा सांगतं, आणि हे वादळ चार-पाच गावांपुरतं असू शकतं. मधल्या शिवारातली पडझड हाच उरलेला पुरावा, आणि आठवड्याभरात झाडं कापली जातात, टिनं पुन्हा ठोकली जातात.

पंचनाम्याच्या नमुन्यात महसूल विभागाने चार रकाने वाढवावेत: झाड कुठल्या दिशेला पडलं, मुळासकट उपटलं की खोडात मोडलं, टिनं कशाने बांधली होती, वादळ किती वाजता आलं. आणि शेतकऱ्यांनी ओंडके हलवण्याआधी चारही दिशांनी फोटो काढून ठेवावेत.